अधूनमधून मिळणारं बक्षीस आणि न सुटणारी सवय

प्रश्न दोन भागांत आहे. पहिला: प्रबलनाच्या (वागण्यामागून मिळणाऱ्या फळाने ते वागणं पक्कं होण्याच्या) शेड्यूलचे, म्हणजे ते फळ केव्हा मिळेल या नियमाचे, चार प्रकार आणि त्यांचे आलेख अभ्यासक्रमात येऊन गेले, परीक्षेपुरते पाठही झाले, पण खऱ्याखुऱ्या माणसाच्या वागण्यात ते ओळखायचे कसे? दुसरा घरातला: सहा वर्षांच्या मुलाला रोज बक्षीस देऊन अभ्यासाला बसायची सवय लावली, बक्षीस बंद केलं आणि आठवड्याभरात ती मोडली. त्याच मुलाचा फोनसाठीचा हट्ट मात्र ‘आम्ही जवळपास कधीच पुरवत नाही’, तरी तो सुटत नाही. हे असं उलटं का?

तुम्हाला घाई दुसऱ्या भागाची असणार, पण त्याचं उत्तर पहिल्यातूनच निघतं, म्हणून आधी थोडं मागे जाऊ.

१९३०च्या दशकात मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर उंदरांवर प्रयोग करत होते. पेटीत एक दांडी, ती दाबली की खाद्याची गोळी. या गोळ्या त्यांना स्वतःच यंत्रावर पाडाव्या लागत, आणि आठ उंदीर दिवसाला प्रत्येकी शंभर गोळ्या फस्त करत. एका शनिवारी दुपारी त्यांनी साठा पाहिला. उरलेली दुपार आणि संध्याकाळ यंत्रापाशी घालवली नाही, तर सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत गोळ्या संपणार होत्या. तेव्हा त्यांच्या मनात आलं, प्रत्येक वेळी दांडी दाबल्यावर गोळी द्यायलाच हवी का? मिनिटाला एकच देऊन पाहू. उंदरांनी दांडी सोडली तर नाहीच, ते एका ठरावीक वेगाने ती दाबत राहिले. हा किस्सा स्किनरनी स्वतःच १९५६ साली लिहून ठेवला आहे. काटकसरीतून निघालेली ही वाट पुढे चार्ल्स फर्स्टर यांच्याबरोबरच्या कामापर्यंत गेली. १९५७ साली ते काम ग्रंथरूपाने आलं तेव्हा त्यामागे ७०,००० तासांहून अधिक नोंदी आणि सुमारे २५ कोटी प्रतिसाद होते, बहुतेक कबुतरांनी चोच मारून दिलेले.

नोंदीचं यंत्र साधं होतं. कागदाची गुंडाळी एका वेगाने सरकत राहते, प्रत्येक प्रतिसादाला पेन एक पायरी वर चढतं, आणि खाणं मिळालं की रेघेवर एक छोटी तिरकी खूण उमटते. प्राणी थांबला की रेघ आडवी, वेग वाढला की चढ उभा. पाठ्यपुस्तकातले चारही आलेख म्हणजे हीच रेघ. ती पाठ करायची गरज नाही. समोरच्या माणसाबद्दल दोन प्रश्न विचारले तरी पुरतात. त्याने हात वेगाने चालवला तर बक्षीस लवकर येईल का? येत असेल तर गुणोत्तर शेड्यूल. काहीही केलं तरी वेळ जावाच लागत असेल तर कालांतर शेड्यूल. आणि पुढचं बक्षीस नेमकं कधी, हे त्याला आधी कळतं का? कळत असेल तर स्थिर, नसेल तर चल.

गुणोत्तर आणि कालांतर यांतला फरक वरवर किरकोळ वाटतो, पण वागण्यावर त्याचा परिणाम मोठा होतो. प्रयोगशाळेत दोन कबुतरांना तासाला अगदी सारखंच खाणं मिळेल अशी जोडणी करता येते. एकाला चल गुणोत्तरावर ठेवायचं, आणि त्याने खाणं कमावलं की दुसऱ्यासाठीही ते त्याच क्षणी तयार ठेवायचं, म्हणजे दुसरं आपोआप चल कालांतरावर येतं. खाणं सारखं, पण पहिलं कबुतर दुसऱ्यापेक्षा कितीतरी वेगाने चोच मारतं. याची दोन कारणं सांगतात. एक म्हणजे गुणोत्तरावर वेग वाढवला की मिळकत वाढते. कालांतरावर वेग दुप्पट केला तरी मिळकत जवळपास तेवढीच राहते. दुसरं कारण जास्त सूक्ष्म आहे. कालांतरावर जितकं थांबावं तितकी पुढची चोच यशस्वी ठरण्याची शक्यता वाढते, म्हणजे तिथे थांबण्यालाच बक्षीस मिळत असतं. गुणोत्तरावर थांबून काहीच पदरात पडत नाही. ‘हा मनुष्य मुळातच संथ आहे’ असा शेरा मारण्याआधी त्याचं शेड्यूल तपासून घ्यावं असं मला वाटतं, ते यामुळे.

स्थिर गुणोत्तरावर आणखी एक गोष्ट दिसते, ती क्लिनिकमध्ये रोज कामाला येते. ठरलेला आकडा पूर्ण झाला, बक्षीस मिळालं, की विसावा. मग काम सुरू झालं की एकदम भरधाव. या विसाव्याला आपण सहज ‘दमला’ म्हणतो. पण कामाचा पुढचा हप्ता छोटा की मोठा हे प्रयोगात रंगीत दिव्याने आधी कळेल अशी सोय केली, तेव्हा विसाव्याची लांबी मुख्यतः पुढे वाढून ठेवलेल्या कामावर ठरते असं दिसलं. नुकतंच किती केलं याचा हिस्सा त्यात कमी. मोठा प्रकल्प संपवून दुसरा तेवढाच मोठा हाती घ्यायचा असेल तर दिवसच्या दिवस सुरुवातच होत नाही, आणि एकदा बसलं की मग हात थांबत नाही, हा अनुभव बहुतेकांना असतो. अशा माणसाला ‘थोडी विश्रांती घे’ हा सल्ला फारसा लागू पडत नाही. पुढच्या कामाचा पहिला टप्पा लहान करून दिला की विसावा आखडतो.

स्थिर कालांतराबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण तिथे पुस्तकातला आलेख माणसाला नीट बसत नाही. प्राण्यांमध्ये सुरुवातीला शांतता आणि वेळ जवळ येईल तसा वाढत जाणारा वेग, अशी कमानीसारखी रेघ मिळते. परीक्षेच्या आदल्या आठवड्यातला अभ्यास हे त्याचं नेहमीचं उदाहरण. ते दिसायला तसंच दिसतं, पण शेवटच्या घडीचं भय, तारखेची जाणीव, इतरांचं वागणं असं बरंच काही त्यात मिसळलेलं असतं. प्रयोगात प्रौढ माणसं बहुधा दोनच प्रकारे वागतात: एक तर सतत बटण दाबत राहतात, नाहीतर वेळ मोजून अगदी शेवटी एकदा दाबतात. कारण ती मनाशी नियम बांधतात आणि शेड्यूलपेक्षा त्या नियमाला जास्त मानतात. बोलता न येणाऱ्या तान्ह्या बाळांमध्ये मात्र प्राण्यांसारखीच कमान दिसल्याचं १९८३ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी दाखवलं. मोठ्या माणसाबरोबर काम करताना म्हणूनच मी ‘तुम्हाला काय मिळतं’ याच्या बरोबरीने ‘काय केल्याने मिळतं असं तुम्ही धरून चालला आहात’ हेही विचारतो. दोन्ही उत्तरं जुळत नाहीत असं पुष्कळदा निघतं.

आता चल गुणोत्तर. जुगाराचं यंत्र हे याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण: सरासरी ठरलेली, पण पुढचाच डाव लागेल की दोनशेवा, सांगता येत नाही. विसावा जवळपास नाहीसा होतो, कारण कुठलाच क्षण ‘आता इतक्यात नाही’ असं सांगत नाही. मेंदूच्या पातळीवर याला जोड देणारा एक निष्कर्ष आहे. माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन (बक्षिसाशी जोडलेलं रसायन) सोडणाऱ्या पेशींच्या नोंदी घेतल्या तेव्हा, खूण दिसल्यापासून बक्षीस येईपर्यंतच्या काळात हळूहळू चढत जाणारी त्यांची सक्रियता सर्वात जास्त कधी दिसली? बक्षीस मिळण्याची शक्यता बरोबर निम्मी असताना. हा शोध २००३ सालचा. त्यावरून ‘फोन म्हणजे डोपामिनचा जुगार’ असली वाक्यं सर्रास फेकली जातात. मला ती फार ढोबळ वाटतात. फोनवर एकच शेड्यूल नसतं. बोटाने पडदा सरकवत राहणं हे चल गुणोत्तराच्या जवळ जातं, कारण जितकं सरकवाल तितकी काहीतरी मजेदार हाती लागण्याची संधी. पण कुणाचा निरोप आला का हे पाहणं चल कालांतराचं आहे: तुम्ही दहादा पाहिलंत म्हणून समोरचा लवकर उत्तर पाठवत नाही. उपायही त्यामुळे वेगळे. निरोप दिवसातून ठरावीक वेळांना पाहायची शिस्त लावली तर फारसं काही हातचं जात नाही आणि माणसाला ते पटकन पटतं. पडदा सरकवण्याला ती युक्ती तितकी चालत नाही; तिथे प्रत्येक वेळी फोन हाती घ्यायचे कष्टच वाढवावे लागतात.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. दर वेळी मिळणाऱ्या बक्षिसावर बांधलेलं वागणं बक्षीस थांबल्यावर लवकर गळतं, आणि अधूनमधून मिळणाऱ्यावर बांधलेलं रेंगाळतं. लॉइड हम्फ्रीज यांनी १९३९ साली माणसाच्या पापणीच्या प्रतिक्षेपावर (ती आपोआप मिटण्यावर) हे दाखवलं, आणि तेव्हाच्या समजुतीच्या ते विरुद्ध होतं. जास्त सरावाने सवय जास्त पक्की, असं सगळे धरून चालले होते. स्पष्टीकरणं अनेक आहेत, पण त्यांचा गाभा समजायला सोपा आहे. रोज मिळणारी गोष्ट एके दिवशी मिळाली नाही तर फरक लगेच कळतो. दहातून एकदाच मिळणारी गोष्ट सलग वीस वेळा मिळाली नाही, तरी ते नेहमीसारखंच वाटतं. शिवाय रिकाम्या हाती परतल्यावरही प्रयत्न चालू ठेवायचा, हेच तिथे शिकून झालेलं असतं.

एका गोष्टीची मात्र सावधगिरी. यावरून ‘विरळ बक्षीस म्हणजे पक्की सवय’ असा सरसकट नियम काढू नका. जॉन नेव्हिन यांच्या प्रयोगांत, बक्षीस चालू असताना मध्येच अडथळा आणला (पोट आधीच भरलेलं, लक्ष दुसरीकडे वेधलेलं) तर ज्या परिस्थितीत भरपूर बक्षीस मिळत होतं तिथलं वागणं जास्त टिकाव धरतं. बक्षीस अजिबात बंद झालं तर विरळ शेड्यूल चिवट ठरतं. नुसती गडबड-व्यत्यय असेल तर दाट शेड्यूल.

हट्टाबद्दल सी. डी. विल्यम्स यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेली एक छोटी नोंद वाचण्यासारखी आहे. पावणेदोन वर्षांचा मुलगा. आधी बरेच महिने आजारी होता, त्यामुळे झोपेपर्यंत कुणीतरी शेजारी बसायचंच, अशी पद्धत पडलेली. खोलीतून बाहेर पडलं की किंचाळणं. बसलेल्या माणसाने वाचायला घेतलं तरी रडणं. तब्येत पूर्ण सुधारल्यावर वैद्यकीय खात्री करून ठरलं की प्रेमाने झोपवायचं, दार लावायचं आणि परत आत जायचं नाही. पहिल्या खेपेला तो ४५ मिनिटं रडला. दहाव्या खेपेपर्यंत कुरकुरही उरली नव्हती. आईवडील खोलीबाहेर पडताना तो हसत होता. मग आठवड्याभराने एकदा त्याला आत्याने की मावशीने झोपवलं (मूळ इंग्रजी नोंदीत नातं एकाच शब्दात उरकलं आहे), तो रडला, आणि ती परत आत जाऊन तो झोपेपर्यंत थांबली. एवढं एकदाच. त्यानंतर सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागली आणि दुसऱ्या वेळीही रडणं पूर्ण थांबायला नवव्या खेपेपर्यंत वेळ लागला. पुढची दोन वर्षं तक्रार आली नाही.

तुमच्या घरातला ‘जवळपास’ तो हाच. पालकांना मी दोन आठवडे कागदावर दोनच खुणा करायला सांगतो: हट्ट झाला, आणि फोन हातात पडला. कुणी दिला हेही लिहायचं, कारण दोन मोठी माणसं दोन वेगळी शेड्यूल चालवत असतात आणि मुलाला ती दोन्ही माहीत असतात. खुणा मोजल्या की ‘कधीच नाही’ची जागा बहुधा ‘पाहुणे असताना’, ‘कामाचा फोन चालू असताना’, ‘फार ताणलं तर’ अशी उत्तरं घेतात. त्यातलं तिसरं सर्वात महाग. दहा मिनिटं रडल्यावर दिलं, मग पुढच्या वेळी पंधरा मिनिटं टिकून राहून दिलं, तर आपण कठोर होत चाललो आहोत असं वाटतं. प्रत्यक्षात मुलाला जास्त वेळ आणि जास्त जोरात रडायचं शिक्षण चाललेलं असतं, तेही अगदी शास्त्रशुद्ध पायऱ्यांनी.

आणि इथे एक बाजू सहसा कुणी पाहत नाही. शेड्यूल पालकांनाही लागू असतं. फोन हाती दिला की रडणं त्या क्षणी थांबतं, जवळजवळ प्रत्येक वेळी. म्हणजे मूल बेभरवशाच्या शेड्यूलवर आणि देणारा मोठा माणूस दर वेळच्या हमखास शेड्यूलवर. नकोशी गोष्ट थांबल्यामुळे वागणं पक्कं होणं, यालाच ऋण प्रबलन म्हणतात. त्यामुळे ‘आईवडिलांची इच्छाशक्ती कमी पडते’ या निदानात मला काही अर्थ दिसत नाही. त्यांच्यावर चाललेलं प्रबलन मुलावरच्यापेक्षा जास्त नियमित आहे.

मग करायचं काय? फोन देणं पूर्ण बंद, एवढंच करू नका. मुलाला फोन केव्हा मिळेल हे हट्टापासून तोडा. दिवसातली वेळ ठरवा, ती आली की मागो न मागो, चांगला वागो न वागो, ठरलेला वेळ फोन द्या. हट्टाने ना लवकर मिळतो ना हिरावला जातो. सोबत, हवं ते शांतपणे मागण्याला दाद द्या. म्हणजे काय मागितलं ते ऐकून ‘जेवणानंतर’ असं नक्की उत्तर, आणि जेवणानंतर खरोखर द्यायचं. असं केलं की आधी हट्टाचा भडका उडेल, अशी भीती घातली जाते. तो होतो, पण दर वेळी होत नाही. डोरोथिया लर्मन आणि ब्रायन इवाटा यांनी १९९५ साली ११३ प्रकरणांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असा भडका सुमारे २४ टक्क्यांतच आढळला, आणि नुसतं बक्षीस बंद करण्याऐवजी सोबत दुसरा उपाय जोडलेला असेल तिथे त्याहून कमी. तरीही तयारी भडक्याची ठेवा. पाहुण्यांच्या समोर किंवा महत्त्वाच्या कामाच्या दिवशी सुरुवात करू नका; मध्येच माघार घेणार असाल तर न सुरू केलेलं बरं. मूल स्वतःला इजा करत असेल, डोकं आपटत असेल, तर दुर्लक्षाचा प्रयोग घरी करायचाच नाही. त्या वागण्यातून त्याला काय मिळतं हे तज्ज्ञाकडून आधी तपासून घ्यावं लागतं.

अभ्यासाची सवय मोडली त्याचं कारण बक्षीस दिलं हे नव्हे. ते दाटावरून एकदम शून्यावर आणलं, हे. नवी गोष्ट लावताना दर वेळी आणि लगेच, हे बरोबरच होतं. त्यानंतर ते विरळ करत न्यायचं असतं: रोज, मग सरासरी दोन दिवसांतून एकदा, मग तीनांतून, आणि कोणत्या दिवशी ते मुलाला आधी न सांगता. उडी मोठी पडली तर काम ढासळतं, मूल चिडचिडं होतं, टाळाटाळ करतं. प्रयोगशाळेत याला गुणोत्तराचा ताण म्हणतात. तसं दिसलं तर उपदेश न करता एक पायरी मागे यायचं.

हे मोठ्यांच्या गंभीर अडचणींतही चालतं. व्यसनमुक्तीच्या उपचारांत नॅन्सी पेट्री यांनी रूढ केलेली चिठ्ठ्यांची पद्धत पाहा. भांड्यात ५०० चिठ्ठ्या. निम्म्यांवर फक्त शाबासकी, उरलेल्यांपैकी बहुतेकांवर अगदी लहान बक्षीस, काहींवर मध्यम, आणि मोठं बक्षीस एकाच चिठ्ठीवर. लघवीची तपासणी स्वच्छ आली की चिठ्ठी काढायची. सलग स्वच्छ येत गेली की दर खेपेच्या चिठ्ठ्या वाढतात, मध्ये चुकली तर पुन्हा एकपासून. जुगाराची यंत्रणा इथे उलट कामाला लावली आहे, आणि खर्च आटोक्यात राहतो. पण बारकाईने पाहा: तपासणी आणि तिचं फळ यांत दिरंगाई नाही, स्वच्छ नमुन्याला चिठ्ठी दर वेळी आहे, आणि अनिश्चितता फक्त बक्षिसाच्या आकारात आहे. ‘अनिश्चित ठेवा म्हणजे सवय लागेल’ एवढंच ऐकून घरी किंवा कचेरीत असली योजना राबवणारे नेमके हे तीन तपशील विसरतात.

राहता राहिली ‘बक्षिसाने आवड मरते’ ही शंका. १९७३ सालच्या मार्क लेपर आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगात ज्या मुलांना चित्रं काढणं आधीच आवडत होतं, आणि ज्यांना आधी कबूल करून बक्षीस दिलं, त्यांची आवड नंतर कमी झालेली दिसली. अनपेक्षित बक्षीस मिळालेल्यांची झाली नाही. म्हणून तुमच्या मुलाला चित्रकला, गोष्टी किंवा जे काही आपणहून आवडतं, त्याला बक्षीस लावू नका. अक्षरं गिरवणं मुळातच नावडतं असेल तर तिथे आवड मरण्याचा प्रश्न फारसा येत नाही. बक्षीस पूर्ण बंद करायची तारीखही आधी ठरवू नका. मुलाला गोष्टीतलं पुढचं पान स्वतःच वाचता येऊ लागलं, आणि वाचायला मिळतं म्हणून तो वहीपाशी बसायला लागला, की तुमचं बक्षीस आठवड्यातून एकावर आणा. पंधरा दिवस बसणं टिकलं तर तेही सोडून द्या.